दस्तीखालचं बोट

दस्ती झटकायची ती दोनदा. पहिल्यांदा धूळ जावी म्हणून, दुसऱ्यांदा बोलणं थांबावं म्हणून. मग ती पांढरी, निळ्या काठाची दस्ती डाव्या हातावर पसरायची, उजवा हात तिच्याखाली सारायचा आणि म्हणायचं, "या आता. बोटं बोलतील, तोंड गप."

दस्ती म्हणजे आमच्याकडं रुमाल. मामांकडं दोन होत्या. एक खाकी, वंगणानं काळी झालेली, ती खांद्यावर असायची. घाम, हात, लेथचा पट्टा, सगळं तिनंच पुसायचं. दुसरी ही पांढरी. ती घडी घालून वरच्या खिशात. तिनं त्यांनी कधी नाकसुद्धा पुसलं नाही. "ही सौद्याची हाय," म्हणायचे.

नांदेडच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ते वर्कशॉपमध्ये अटेंडंट होते. रजिस्टरात त्यांना नाव होतं, पण प्राचार्यांपासून झाडूवालीपर्यंत सगळे मामाच म्हणायचे. असा एखादा मामा तुमच्याही कॉलेजात असेल. कुठला पान्हा कुठल्या खिळ्यावर टांगलाय हे त्यालाच ठाऊक असतं, आणि तो रजेवर गेला की एचओडी साहेबांना ड्रिलची चावी सापडत नाही.

मी त्यांना भेटले ती रोबोटिक्सच्या टीममुळं. आम्ही पाच जण. ओंकार आमचा कप्तान, नांदेड शहरातला, बोलण्यात पटाईत. इम्रान कोडिंग करायचा. देगलूरचा बालाजी चाकं, गियर, लोखंड बघायचा. निकिता ड्रॉइंग काढायची. आणि मी, धर्माबादजवळच्या खेड्यातली, वायरिंगवाली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे सांगताना मी लाजत नाही. थोडी फुशारकीच मारते, खरं सांगायचं तर.

पहिल्या महिन्यात आम्ही नुसते भांडलो. रोबोटला चाकं चार लावायची की तीन, एवढ्याच गोष्टीवर तीन दिवस. शेवटी ओंकार म्हणाला, "हात वर करा. चार म्हणणारे?" आणि स्वतःचा हात आधी वर केला. आम्ही त्याच्या हाताकडं पाहिलं, एकमेकांकडं पाहिलं आणि चौघांनीही वर केले. मला तीन पाहिजे होती. तरी केला.

मामा कोपऱ्यात कानस साफ करून राहिले होते. तिथूनच म्हणाले, "हे कप्तानाचं मत झालं. बाकीच्यांचं कधी घेणार?"

"मामा, सगळ्यांचे हात वर होते ना," ओंकार म्हणाला.

"होते की. दरोडेखोर आला तरी सगळ्यांचे वर राहतेत."

मग त्यांनी आम्हाला मोंढ्याची, म्हणजे धान्यबाजाराची, गोष्ट सांगितली. त्यांचे वडील लातूरच्या मोंढ्यात हमाल. लहानपणी हे डबा घेऊन जायचे आणि पोत्यावर बसून सौदे बघायचे. तेव्हा म्हणे सगळेच भाव ओरडून होत नसत. ढिगाजवळ आडत्या, म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देणारा दलाल, उभा राहायचा, हातावर दस्ती टाकायचा. एकेक खरेदीदार यायचा, दस्तीखाली हात घालून आडत्याची बोटं दाबायचा. कोणी किती दाबली ते शेजारच्याला कळायचं नाही. सगळे झाले की आडत्या दस्ती झटकून सौदा सांगायचा.

"मोठा शेठ काय बोलला हे बघून छोटा शेठ बोलला, तर तो भाव छोट्याचा न्हाई," मामा म्हणाले. "समजलं का? चला, तीन चाकाला एक बोट, चार चाकाला दोन."

आम्हाला हसू येत होतं. तरी एकेक करून गेलो. माझी पाळी आली तेव्हा दस्तीखाली त्यांचा हात लागला. तळवा खरखरीत, आणि उजव्या तर्जनीचं पहिलं पेर नव्हतं. कधीतरी मशीननं घेतलेलं. मी एक बोट दाबलं. त्या आखूड बोटानं त्यांनी माझ्या हातावर हळूच टिचकी दिली. म्हणजे, समजलं.

दस्ती झटकली. "तीन चाकं."

ओंकारचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. "किती विरुद्ध किती?"

"ते न्हाई सांगायचं. दस्तीखालचं दस्तीखाली."

तेव्हापासून हीच रीत पडली. मोठा निर्णय असला की आम्ही मामांकडं जायचो. तुम्ही म्हणाल, चिठ्ठ्या टाकायच्या की. टाकल्या होत्या एकदा. बालाजीचं अक्षर लांबून ओळखू यायचं.

दस्तीचे नियम फार नव्हते. ज्याच्याबद्दल निर्णय असेल त्याचं बोट पहिलं. आकडा सांगायचा नाही, फक्त निकाल. आणि तिसरा नियम आम्हाला पुढं कळला, रोबोटचं नाव ठेवताना. दोन नावं होती, 'थंडर' आणि 'सर्जा'. पाचही जणांनी बोटं दाबली. मामांनी दस्ती झटकली आणि म्हणाले, "मोडला."

"काय मोडला?"

"सौदा. चहा कुठं पिलात?"

 चहा खरंच पिलो होतो, गेटसमोरच्या टपरीवर. ओंकारनं तिथं 'थंडर' कसं भारी आहे हे वीस मिनिटं सांगितलं होतं.

"पाची जण एकच बोट दाबतेत म्हणजे सौदा दस्तीखाली झाला न्हाई, टपरीवर झाला," मामा म्हणाले. "माझा बाप सांगायचा, सगळ्या शेठांचा भाव एक निघाला की आडत्यानं ढीग झाकून टाकावा. त्या दिवशी ज्याचा माल हाय तो मरतो."

म्हणजे मामांच्या राज्यात एकमत चालत नव्हतं. एकमत झालं की सौदा मोडायचा. मग प्रत्येकानं आपल्या आवडत्या नावाविरुद्ध एक तरी वाक्य बोलायचं आणि पुन्हा बोटं. दुसऱ्या खेपेला 'सर्जा' निघाला. ओंकारसुद्धा नंतर त्याला सर्जाच म्हणायला लागला, आणि रोबोट अडला की "हं, हं, सर्जा" करून चुचकारायलाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले ती सांगते.

पुण्याच्या स्पर्धेला तीन आठवडे उरले होते. त्यात खंडेनवमी आली. वर्कशॉपमध्ये खंडेनवमी म्हणजे मामांचा सण. लेथ, ड्रिल, कानस, हातोडी, सगळं धुऊन पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूच्या माळा. प्रत्येक हत्याराला लाल धागा. सर्जालाही पाटावर बसवलं, कुंकू लावलं, आणि बॅटरीकडं जाणारी जी तार समोर आली तिला मामांनी लाल धागा बांधला.

इथंच घोटाळा होता. त्या आठवड्यात आमची लाल वायर संपली होती. दोन्ही तारा काळ्याच लावल्या होत्या, आणि प्लसची कुठली हे कळावं म्हणून इम्राननं तिला लाल धागा गुंडाळून ठेवला होता. मामांनी बांधला तो दुसऱ्या तारेला.

दसऱ्याची सुट्टी झाली. परत आल्यावर सकाळी मी एकटीच आधी पोचले. बॅटरी घेतली. समोरच्या तारेला लाल धागा दिसला, ती प्लसला कसली. मागची तार मायनसला. मागच्या तारेलाही लाल धागा होता. ती मी बघितलीच नाही. नियम होता, आधी मीटर लावून बघायचं. मीटर माझ्या हाताशी, टेबलावरच होतं.

फट्ट आवाज झाला. निळसर धूर, जळक्या प्लास्टिकचा वास. मोटर ड्रायव्हर, म्हणजे मोटरांना वीज वाटून देणारं सर्किट, गेलं. तसं दुसरं मागवायचं तर स्पर्धा होऊन जाणार होती.

सगळे आले तेव्हा मी स्टुलावर बसून होते. मामा पुढं होऊन म्हणाले, "धागा माझ्या हातचा हाय. पोरीला बोलू नका."

"मामा, धाग्याचं सोडा," ओंकार म्हणाला. "मीटर लावणं तिचं काम होतं."

त्याचं बरोबर होतं. आजही मी तेच म्हणते.

टीमच्या नावांचा फॉर्म त्याच दिवशी पाच वाजेपर्यंत जायचा होता. फक्त पाच नावं. दुसऱ्या वर्षात एक पोरगा होता, वायरिंगमध्ये हुशार, आणि त्याच्याकडं तसाच ड्रायव्हर होता. तो टीममध्ये यायला एका पायावर तयार होता. त्याला घ्यायचं तर एक नाव कमी करावं लागणार होतं. कोणाचं, ते कोणी बोललं नाही. दुपारी चौघं चहाला गेले. मला कोणी बोलावलं नाही.

तुम्हाला ही गोष्ट छोटी वाटेल. मला नव्हती. आमच्या घरात सातबारा आणि रेशन कार्ड सोडून कुठल्या कागदावर कोणाचं नाव छापून आलेलं नव्हतं. मी पुण्याला चाललेय हे वडलांनी धर्माबादच्या मिरची बाजारात पोत्यापोत्याला सांगितलं होतं. त्या फॉर्मवर माझं नाव राहणार की जाणार, एवढाच प्रश्न होता, आणि तो माझ्यापुरता लई मोठा होता.

चारच्या सुमारास ओंकारच म्हणाला, "मामा, दस्ती काढा." मांडलंही त्यानंच, नीट, सभ्यपणानं. ती राहावी, एक बोट. तिच्या जागी नवा पोरगा यावा, दोन बोटं.

मामांनी खिशातून दस्ती काढली. झटकली दोनदा. "जिचा सौदा तिचं बोट पहिलं. ये माय."

मी गेले. दस्तीखाली हात घातला. मला रडायचं नव्हतं, आणि कोणी दया करून ठेवलेलंही नको होतं. चूक केली तर केली. मी दोन बोटं दाबली.

टिचकी आली नाही. मामांनी माझा हात तसाच धरून ठेवला. हळू आवाजात म्हणाले, "घाई कोणाला हाय? पुन्हा दाब."

मी पुन्हा दोनच दाबली. जरा जोरातच.

मग टिचकी आली.

बाकीचे चौघं एकेक करून गेले. मी खिडकीतून सायकल स्टँडकडं बघत होते. मागं दस्ती झटकल्याचा आवाज आला.

"राहिली," मामा म्हणाले.

 ओंकारनं एकदा बाकीच्यांकडं बघितलं, मग पेन घेतलं आणि फॉर्मवर पाचवं नाव माझं लिहिलं. संध्याकाळी मामा स्वतः त्या दुसऱ्या वर्षाच्या पोराकडं गेले आणि ड्रायव्हर मागितला. त्यानं दिला. नुसता मागून बघायचं आम्हा पाच हुशार लोकांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

पुण्यात आम्ही दुसऱ्याच फेरीत बाहेर पडलो. माझ्यामुळं नाही, बालाजीचं एक चाक निसटून पंचांच्या खुर्चीखाली गेलं. तिथून ते काढताना बालाजी पंचांना म्हणाला, "सर, जरा पाय." आम्ही परत येताना रेल्वेत लातूर रोडपर्यंत त्यावरच हसलो.

पण मी त्या पुण्याहून वेगळी होऊन आले. माझं माझ्याविरुद्ध मत होतं, तरी या लोकांना मी हवी होते. हे मी उराशी धरून बसले. बॅटरीला हात लावायच्या आधी मीटर लावायचे, एकदा नाही, दोनदा. अजून लावते. आता मी लातूरला एका दाळ मिलमध्ये मेंटेनन्स बघते. तुरीच्या दाळीतले काळे दाणे आणि खडे रंगावरून ओळखून उडवणारं मशीन आहे, ते माझ्या ताब्यात आहे. नोकरीच्या मुलाखतीत विचारलं होतं, टीममध्ये काम केलंय का. मी म्हटलं, "टीमनं मला ठेवून घेतलंय."

पदवीच्या कार्यक्रमाला वडील नांदेडला आले होते. नवं धोतर, नवी टोपी. मी त्यांना वर्कशॉप दाखवायला नेलं. मामा लगबगीनं उठले, खाकी दस्तीनं स्टूल पुसलं, बसा म्हणाले.

"पोरीनं काय तरास दिला का तुम्हाला?" वडलांनी विचारलं.

"तरास? पाची जणांनी दस्तीखाली बोट दाबून निवडलेली पोरगी हाय तुमची," मामा म्हणाले. "अशी निवड आमदाराची बी होत न्हाई."

वडील ते वाक्य अजून सांगतात. दस्ती काय, बोट काय, त्यांना नीट कळलेलं नाही. तरी सांगतात.

रिटायर झाल्यावर मामा लातूरला मुलाकडं राहायला आले. माझ्या मिलपासून लांब नव्हतं घर. मी जायचे अधूनमधून. "मीटर लावतीस का?" हा त्यांचा पहिला प्रश्न. मग चहा. बाकी बोलणं फार नाही. गेल्या उन्हाळ्यात ते गेले. झोपेतच.

तेराव्याला आम्ही पाचही जण आलो. ओंकार पुण्याहून, इम्रान हैदराबादहून, बालाजी आणि निकिता नांदेडहून. जेवून निघालो आणि बस स्टँडसमोर चहाला थांबलो. बराच वेळ मामांच्याच नकला चालल्या होत्या.  मग बालाजी ग्लास खाली ठेवून माझ्याकडं न बघता म्हणाला, "एक गोष्ट पोटात हाय. मामा गेले, आता बोलतो. त्या दिवशी म्या दोन दाबली होती."

मी निकिताकडं बघितलं.

निकिता म्हणाली, "मीपण." तिचे डोळे भरले होते.

इम्रान म्हणाला, "मीबी यार. टपरीवर ठरलं होतं ना. मला वाटलं, न पलटलेला मी एकटाच, बाकी दोघं-तिघं पलटले असतील."

"मला वाटलं तुम्ही तिघं पलटलात," ओंकार म्हणाला. त्याचा आवाज पार खाली गेला होता. "पाच वर्षं मी तुमच्यावर मनातून चिडून आहे. दोन तर मीच दाबली होती, हे सांगायला नको."

चौघंही माझ्याकडं बघायला लागले. त्यांना वाटलं असेल, आता ही उठून जाणार. खरंच उठावंसं वाटलं. मुलाखतीतलं वाक्य आठवलं, वडलांची टोपी आठवली. ज्या पायरीवर मी इतकी वर्षं उभी होते ती पायरी तिथं नव्हतीच.

मग मी म्हटलं, "मीपण दोनच दाबली होती."

"काय?"

"दोन. दोनदा."

आधी इम्रान हसला. मग बालाजी. मग सगळेच, चहावाला वळून बघेपर्यंत. पाचाला पाच. मामांच्या कायद्यानं तर सौदा मोडायला पाहिजे होता.

"मग 'मोडला' का नाही म्हणाले?" निकितानं विचारलं.

ते मला तिथं बसल्या बसल्या कळलं. मामा "मोडला" म्हणाले असते, तर पाचही बोटं सारखी होती हे त्याच क्षणी मला कळलं असतं. म्हणजे चौघांनीही मला काढलं, हे त्यांनी न सांगता सांगितल्यासारखं झालं असतं. खरं बोलायचं तर "गेली" म्हणायचं, नाहीतर "मोडला" म्हणून ढीग सगळ्यांसमोर उघडा करायचा. आडत्याजवळ तिसरी वाट एकच होती. खोटं बोलायचं.

ओंकार म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नको. पण धागा त्यांनीच बांधला होता. त्यांनी तुला वाचवलं, का स्वतःची चूक भरून काढली?"

प्रश्न खोटा नाही. मीही तो स्वतःला पुष्कळदा विचारलाय, मिलमध्ये मशीन चालू असताना. ज्यानं आम्हाला शिकवलं की निर्णय सगळ्यांचा असावा, त्यानंच सगळ्यांचा निर्णय एका शब्दानं फिरवला. हे बरोबर की चूक, मी ठरवू शकत नाही. टपरीवर झालेला सौदा होता तो, त्याला निर्णय म्हणावं की नाही, तेही कळत नाही. एवढं मात्र सांगते, वडलांना मी खरं सांगितलेलं नाही. दस्तीखालचं दस्तीखाली.

आणि एक गोष्ट त्या चौघांनाही सांगितली नाही, ती इथं लिहिते. त्या दिवशी "राहिली" ऐकून मी खिडकीपासून वळले, तेव्हा ओंकार फॉर्म भरत होता आणि बाकीचे त्याच्याभोवती वाकले होते. मामा पाठमोरे, लेथजवळ उभे होते. पांढऱ्या दस्तीची घडी घातलेली नव्हती. ती दोन्ही हातांनी तोंडाला लावून ते चेहरा पुसत होते, बराच वेळ. मला वाटलं होतं, घाम असेल. खाकी दस्ती त्यांच्या खांद्यावरच होती.